समुद्राला दार, पावसाला जागा

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट मांडवी ओलांडून दिवाडी बेटाला लागते. उतरल्यावर गावाकडे जाणारा रस्ता खाजनांमधून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीतून जातो. ऐन पावसाळ्यात, भरतीच्या वेळी इथल्या बांधावर चढून पाहावे. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला भातशेती, आणि नदीचे पाणी शेताच्या पातळीपेक्षा उंच. दोहोंच्या मध्ये माती, पेंढा आणि जांभा दगड रचून केलेला बांध. मांडवी इथे गोड्या पाण्याची नदी राहिलेली नसते. समुद्र दिवसातून दोनदा तिच्यातून आत चढतो आणि दोनदा उतरतो.

या बांधात जागोजागी मानस असते. दगडी चौकट, आणि तिच्यावर नदीच्या बाजूने टांगलेले लाकडी दार. दाराच्या फळ्या पूर्वीपासून ऐनाच्या लाकडाच्या करतात, कारण ते लाकूड पाण्यात वर्षानुवर्षे टिकते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी दार चौकटीवर दाबून बसवते आणि खारे पाणी बाहेरच राहते. ओहोटी लागली की आत साठलेल्या पावसाच्या पाण्याचा रेटा वरचढ होतो, दार बाहेर ढकलले जाते आणि शेतातले पाणी नदीत उतरते. वीज लागत नाही, कोणी हजर असावे लागत नाही. चंद्राच्या ओढीने पाणी चढते-उतरते आणि त्याच पाण्याच्या वजनाने दार लागते-उघडते.

दाराच्या आत काय आहे, हेही नीट पाहायला हवे. मानशीला लागून खाजनातला सर्वांत सखल भाग असतो. त्याला पोय म्हणतात. दार बंद असताना पडणारा पाऊस शेतातून ओघळून या पोयीत आणि तिला जोडलेल्या चरांत जमतो. पोयीत भात लावत नाहीत, घर तर बांधतच नाहीत. ती पाण्यासाठी राखलेली जमीन आहे. भरतीचे पाच-सहा तास पावसाला थांबावे लागणार हे ठाऊक असलेल्या माणसांनी त्याच्या थांबण्याची सोय आधी केली आणि शेत नंतर आखले.

वाढत्या समुद्राशी आणि पुराशी जुळवून घेणारी घरे, शहरे कशी असतील, असा विषय संपादकांनी दिला तेव्हा तरंगत्या वस्त्यांची परदेशी चित्रे डोळ्यांपुढे आली होती. ती बाजूला ठेवून मी आधी खाजने पाहायला गेले आणि मग मुंबईत आले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. समुद्र चढला की लागेल असे दार हवे, आणि दार लागलेले असेपर्यंत पाऊस मावेल एवढी जागा हवी. दोन्हींपैकी एक असून भागत नाही. मुंबईने गेल्या वीस वर्षांत दारे बसवली. जागा मात्र ती गमावत राहिली.

बांध कोणाचा, राखण कोणाची

गोव्यात सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन खाजनांखाली आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या बांदिवड्याच्या ताम्रपटात अशी खारी जमीन लागवडीखाली आणण्याचा उल्लेख सापडतो. इतका काळ ही व्यवस्था टिकली ती केवळ दाराच्या कारागिरीवर टिकली नाही. खेकडे बांधाला भोके पाडतात. एक भोक वेळेवर बुजवले नाही, तर उधाणाच्या भरतीत तिथून पाणी घुसते आणि पहाटेपर्यंत बांधाला खिंडार पडते. एकदा खारे पाणी असे बेसुमार शेतात आले की त्यातले मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. म्हणून बांधावर कोणाचे तरी रोज लक्ष असावे लागते.

हे लक्ष कसे ठेवायचे, याची जुनी रीत मला दाराइतकीच महत्त्वाची वाटली. जमीन गावाची, म्हणजे गावकरी या सामाईक ग्रामसंस्थेची; पोर्तुगीज अमलात तिलाच कोमुनिदाद म्हणत. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे, कोळंबी पकडण्याचा हक्क दरवर्षी लिलावात जायचा आणि त्या पैशातला वाटा बांधाच्या दुरुस्तीकडे वळायचा. म्हणजे जे पाणी बांध झिजवते, तेच त्याच्या डागडुजीचा खर्च देते. भातही या जमिनीला साजेसे: कोरगूट हे मीठ सोसणारे वाण. उन्हाळ्यात खारे पाणी बेतानेच आत घ्यायचे, पावसाने जमीन धुऊ द्यायची, मग पेरायचे.

१९६१ साली पोर्तुगीज अमल संपल्यानंतर गोवा बदलला. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्यायाचेच झाले. पण बांधाची सामाईक जबाबदारी कोणाच्या अंगावर, हे सैल पडत गेले. भातापेक्षा मासळीचा पैसा मोठा झाला, तेव्हा काही ठिकाणी भरतीला दार मुद्दाम उघडे ठेवले जाऊ लागले. मासे आत आले, खारे पाणीही आले. शेते पडीक झाली, आणि पडीक शेतावर भराव टाकणे सोपे असते. आज खाजनांत रस्ते, घरे, दुकाने उभी राहिलेली दिसतात. भराव पडलेल्या प्रत्येक गुंठ्यातले पाणी शेजारच्या खाजनात जाते आणि उरलेल्या बांधावरचा ताण वाढतो.

उत्तर कोकणात हीच रचना वेगळ्या शब्दांनी भेटते. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात बांधाला खारबंदिस्ती आणि दाराला उघाडी म्हणतात. बांध फुटला की खांड गेली असे लोक सांगतात. तिथला इतिहास कष्टांचा आहे. खाडीतून जमीन उठवली कुळांनी आणि पीक नेले खोतांनी. त्या अन्यायाविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. जमिनी ओसाड ठेवून तो सहा वर्षे चालला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सरकारने खारभूमीचे काम हाती घेतले आणि १९७९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. तरीही आज खारपट्ट्यात फिरताना गंजलेल्या उघाड्या आणि खांडी गेलेले बांध दिसतात. शेतकरी आजही उधाण जवळ आले की तिथी मोजतात. अमावास्या, पौर्णिमा आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस त्यांना झोप नसते.

गोव्याकडून आणि रायगडाकडून मुंबईने घ्यावा असा धडा इथेच आहे. दार बांधणे हे अभियंत्याचे काम. ते दार पन्नास वर्षे चालवणे, त्याच्या मागची जागा मोकळी राखणे आणि त्या राखणीचा खर्च भागवणे हे समाजाचे काम. आराखड्यात या तिन्ही गोष्टी आधीच लिहिलेल्या असाव्या लागतात.

एकशे शहाऐंशी तोंडे

मुंबईचे पावसाचे पाणी नाल्यांच्या १८६ पातमुखांतून, म्हणजे तोंडांतून, समुद्रात आणि खाड्यांत पडते. त्यांपैकी ४५ पातमुखे समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ पातमुखे सरासरी पातळीच्या वर असली, तरी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती कितीही चढो, पाणी सोडू शकतील अशी पातमुखे फक्त सहा. या आकड्यांत मुंबईच्या पुराची सगळी गोष्ट आहे. भरती आली की शहराची जवळजवळ सर्व तोंडे पाण्याखाली जातात. त्या वेळी पाऊस पडत असला, तर त्याने जायचे कुठे?

वर्षानुवर्षे बहुतेक तोंडांना दारेच नव्हती. म्हणजे खाजनातल्या शेतकऱ्याने एका भातखाचरासाठी जे केले, ते महानगरासाठी झाले नव्हते. भरतीत समुद्र उलटा नाल्यांत शिरायचा आणि नाल्यातले पाणी रस्त्यावर यायचे.

ब्रिटिश काळातल्या गटारांचा हिशेब तासाला २५ मिलिमीटर पावसाचा होता, आणि तोही ओहोटी धरून. त्या हिशेबात आणखी एक गृहीत होते: पडलेल्या पावसापैकी निम्मा जमिनीत मुरेल. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांविषयी १९९३ साली तयार झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने हा पाया बदलायला सांगितले. गटारे तासाला ५० मिलिमीटर पावसाची क्षमता धरून बांधा, आणि जमिनीत काहीही मुरत नाही असे समजा. अभियांत्रिकीच्या भाषेत हा एका गुणकातला बदल आहे. शहराच्या भाषेत त्याचा अर्थ असा की, मुंबईची जमीन पाणी प्यायची थांबली, हे अधिकृतपणे मान्य झाले. मैदाने, वाड्या, तळी, मिठागरे, चाळींमधली मातीची अंगणे यांवर काँक्रीट आणि डांबर चढले होते.

अहवाल बरीच वर्षे कागदावर राहिला. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. मिठी नदी, जी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहते, तिच्या काठाशी आणि शहरात इतरत्र मिळून शेकडो माणसे गेली. नदीच्या अंगावर विमानतळ चढला होता, काठच्या पाणथळीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते, आणि उरलेल्या पात्रात ज्यांना शहराने दुसरी जागा दिली नाही त्यांच्या झोपड्या होत्या. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नंतर या सगळ्याचा बारकाईने पंचनामा केला.

त्या आपत्तीनंतर दारे आली. हाजी अली, इर्ला, वरळीतली लव्हग्रोव्ह आणि क्लिव्हलँड बंदर, रे रोडजवळची ब्रिटानिया, सांताक्रूझची गझदरबंध ही सहा उदंचन केंद्रे म्हणजे पोलादाच्या आणि विजेच्या मानशी आहेत. भरतीला नाल्याच्या तोंडाशी दरवाजे पडतात, समुद्र बाहेर राहतो आणि आत साठणारे पाणी पंप उचलून भिंतीपलीकडे फेकतात. एक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी टाकतो. पंपांच्या आधी लोखंडी जाळ्या असतात, आणि पहिल्या जोराच्या पावसात त्या जाळ्यांवर जे येऊन अडकते ते पाहिले की शहराच्या कचऱ्याचा आणि पुराचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. थर्माकोल, बाटल्या, गाद्या, नारळ, पिशव्यांचे ढीग. जाळी तुंबली की पंपापर्यंत पाणीच पोहोचत नाही.

आता साधा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर भागावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी पाच कोटी लिटर होते. एक पंप अखंड चालला, तर तासात दोन कोटी सोळा लाख लिटर बाहेर टाकेल. म्हणजे काहीही मुरत नसलेल्या दर चौरस किलोमीटरला सव्वादोन पंपांहून थोडी जास्त गरज, तीही जाळ्या स्वच्छ आणि नाले मोकळे असतील तर. आणि मुंबईत तासाला ५० मिलिमीटरच्या वरचा पाऊस आता दुर्मीळ राहिलेला नाही. पंप वाढवायलाच हवेत. मोगरा आणि माहूलची केंद्रे अनेक वर्षे रखडली, ती व्हायला हवीत. पण पंपांनी शर्यत जिंकता येणार नाही, हे या गुणाकारातच दिसते.

हिंदमाता: मैदानाखालचे तळे

परळ आणि दादरच्या मधला हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. जुनी सात बेटे एकत्र जोडताना मधल्या खाड्या आणि पाणथळ जागा बुजवल्या गेल्या. १७८०च्या दशकात वरळीच्या खिंडीवर हॉर्नबीचा बांध पडला आणि समुद्राची आत येण्याची मोठी वाट बंद झाली. भराव टाकला तरी खोलगटपणा राहिला, आणि चहूबाजूंचे पाणी आपली जुनी वाट विसरले नाही. इथल्या कापडबाजारातल्या दुकानदारांनी आपल्या परीने जुळवून घेतले आहे. उंबरठे चढवलेले, खालचे कप्पे रिकामे, मालाचे गठ्ठे वरच्या फळ्यांवर. जोराचा पाऊस सुरू झाला की नोकर माणसे गिऱ्हाईक सोडून आधी खालचा माल वर करतात. पुरासाठी इमारत बदलण्याचे पहिले काम सरकारने केले नव्हते, या दुकानदारांनी केले होते.

महापालिकेने इथे आधी पर्जन्यवाहिन्या मोठ्या केल्या, दोन उड्डाणपुलांमधला रस्ता उचलला. मग नवा विचार आला: पाणी घालवता येत नसेल, तर थोडा वेळ ठेवून घेऊ. दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या गेल्या. रस्त्यावरचे पाणी पंपाने टाकीत जाते, भरती उतरेपर्यंत तिथे थांबते आणि मग समुद्राकडे सोडले जाते. वर मुले क्रिकेट खेळतात, खाली पाऊस थांबलेला असतो.

खाजनातली पोय जे काम उघड्यावर, फुकट करते, तेच काम इथे काँक्रीट आणि वीज वापरून होते. तरी मला हा मुंबईतला सर्वांत महत्त्वाचा बदल वाटतो, कारण यात शहराने पहिल्यांदा मान्य केले की पाण्याला वेळ आणि जागा दोन्ही द्यावी लागते. टोकियोजवळ कासुकाबे इथे २००६ साली पूर्ण झालेली भूमिगत व्यवस्था याच विचाराची आहे. छोट्या नद्यांचे पुराचे पाणी ६.३ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून १७७ मीटर लांब आणि ७८ मीटर रुंद अशा खांबांच्या दालनात येते आणि तिथून मोठ्या नदीत सोडले जाते. रॉटरडॅममध्ये २०१३ साली बेंथेमप्लाइन हा पाणचौक झाला. कोरड्या दिवशी ते बास्केटबॉलचे मैदान आणि पायऱ्यांवर बसायची जागा. मुसळधार पावसात त्याच खोलगट मैदानात सतरा लाख लिटर पाणी साठते आणि हळूहळू निघून जाते. बँकॉकमध्ये २०१७ साली चुलालोंगकोर्न विद्यापीठाने आपल्या मोक्याच्या जमिनीवर इमारत न बांधता उतरत्या पातळीचे उद्यान केले. भूदृश्यरचनाकार कोचाकोर्न व्होराखोम यांनी त्याची आखणी अशी केली की, पावसाचे पाणी एका टोकाच्या तळ्याकडे वाहत जाते.

यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. रॉटरडॅमचा चौक लोकांच्या डोळ्यांसमोर भरतो. पाणी कुठे जाते, किती चढते, हे शाळेतल्या मुलांनाही दिसते. जमिनीखालची टाकी नजरेआड असते आणि नजरेआडच्या गोष्टींची देखभाल मागे पडते. मे २०२५ मध्ये पाऊस अपेक्षेच्या कितीतरी आधी मुंबईत पोहोचला, तेव्हा हिंदमाता परिसरात पुन्हा पाणी भरले. टाकी असली तरी पंपाची तयारी पावसाच्या तारखेला बांधून ठेवता येत नाही.

चढता समुद्र आणि बंद दाराची वेळ

समुद्र चढतो आहे म्हणजे काय होते, याची आपल्या मनातली चित्रे बहुधा बुडालेल्या शहरांची असतात. प्रत्यक्षात पहिला फटका वेगळ्या जागी बसतो.

जगभरातल्या समुद्रांची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि वाढीचा वेग आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालानुसार शतकाअखेर ही वाढ, आपण किती धूर सोडतो त्यावर, साधारण ३० सेंटिमीटर ते एक मीटर या पल्ल्यात असेल. ‘सीस्टेप’ या संस्थेच्या २०२४च्या अभ्यासात मुंबईजवळच्या समुद्राची पातळी १९८७ ते २०२१ या काळात ४.४४ सेंटिमीटरने वाढल्याचे दिसले.

फूटभर वाढ कोणाला मोठी वाटणार नाही. आता ती पातमुखाच्या तोंडाशी उभे राहून पाहू. मुंबईत चांगल्या भरतीच्या दिवशी पाणी साधारण सहा तासांत चार मीटर उतरते. मधल्या टप्प्यात उतरण्याचा वेग तासाला सुमारे मीटरभर असतो. सरासरी पातळीच्या आसपास असलेले पातमुख धरले, तर समुद्र ३० सेंटिमीटर वर आल्यावर ते भरतीत अठरा-वीस मिनिटे आधी बुडेल आणि ओहोटीत तितकीच मिनिटे उशिरा मोकळे होईल. एका भरतीमागे अर्ध्या तासाहून जास्त. दिवसात भरत्या दोन, म्हणजे रोज तासभरापेक्षा अधिक वेळ दार जास्त लागलेले. भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी संथपणे चढते-उतरते, हा वेळ आणखी वाढतो.

वाढत्या समुद्राचा खरा अर्थ असा घड्याळात मोजता येतो. तो किनारा ओलांडून येण्याच्या कितीतरी आधी आपल्या गटारांचा वेळ खातो. आणि दार जितका जास्त वेळ बंद, तितकी आतली साठवण मोठी हवी. समुद्र वर येत असताना शहरातली मोकळी जमीन कमी करणे म्हणजे दोन्ही बाजूंनी आपलाच गळा आवळणे आहे.

खालचा मजला पाण्याला

जागा शोधायची ती इमारतींतही शोधावी लागेल. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा बाजारपेठेतल्या दुकानांचे तळमजले पूर्ण बुडाले. तिथल्या व्यापाऱ्यांशी बोलताना लक्षात येते की पाण्याने नेलेल्या मालाइतकेच नुकसान वीज जाण्याने झाले. मीटर, इन्व्हर्टर, पाण्याचे पंप, जनरेटर सगळे जमिनीलगत. पाणी ओसरले तरी घरे कित्येक दिवस अंधारात आणि कोरड्या नळांसह राहिली. चिखल धुवायलाही पाणी नव्हते.

पूररेषांचा नियम महाराष्ट्रात आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको, आणि जुन्या मिळकतींचा पुनर्विकास करायचा, तर जोते लाल रेषेच्या किमान ४५ सेंटिमीटर वर. चिपळूणसारख्या गावात अडचण अशी की, जुनी बाजारपेठच रेषांच्या आत येते. तिथे रेषा आखली की लोकांना ती आपल्या घरावर मारलेली फुली वाटते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. रेषेसोबत उत्तरही द्यायला हवे: इमारत कशी बांधली तर इथे राहता येईल, आणि त्याचा वाढीव खर्च कोण उचलणार.

उत्तर हॅम्बुर्गने दिले आहे. १९६२च्या वादळी भरतीत त्या शहरात ३१५ माणसे गेली. पुढे शहराने बंदराच्या जुन्या जागेवर, संरक्षक बांधाच्या बाहेर, हाफेनसिटी वसवली. तिथे इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचावलेल्या जोत्यांवर आहेत. पाण्यालगतचा फिरण्याचा रस्ता मात्र मुद्दाम खाली ठेवला आहे. वादळात तो बुडतो, आणि तो बुडणार हे धरूनच तिथे दिवे, बाके, फरशी बसवली आहे. खालच्या वाहनतळांना पोलादी पूरदरवाजे आहेत. माणसे ये-जा करतात ते पूल आणि रस्ते वरच्या पातळीवर आहेत, त्यामुळे रुग्णवाहिका अडत नाही.

मुंबई-पुण्याच्या इमारतींत खाली खांबांवरचा मोकळा मजला आपण गाड्यांसाठी ठेवतो. नकळत ती पुराला दिलेली जागा आहे. तिथेच मीटरची खोली, पंप आणि रखवालदाराचे घर बसवून आपण तो फायदा घालवतो. मीटर आणि जनरेटर पहिल्या मजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे झाकण पूरपातळीच्या वर आणि घट्ट, मलवाहिनीला उलटे पाणी अडवणारी झडप, कुंपणाची भिंत पाणी जाऊ देणारी, रखवालदाराच्या कुटुंबाला वरची खोली. यातले काहीही परदेशातून आणावे लागत नाही. २६ मे २०२५ रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी घुसले, तेही काम चालू असलेल्या प्रवेशाच्या बाजूने. जमिनीखालच्या प्रत्येक दाराचा उंबरठा ही आता मुंबईच्या सुरक्षेची बाब झाली आहे.

आणि ज्यांच्याकडे दुसरा मजला नाही, त्यांचे काय? कुर्ल्याच्या क्रांतीनगरात मिठी चढली की भोंगा वाजतो, लोक मुले-म्हातारी घेऊन जवळच्या पालिका शाळेत जातात. त्या वस्तीची पुराशी जुळवून घेण्याची रचना म्हणजे ती शाळा. म्हणून शाळेची इमारत पक्की, उंच, स्वच्छतागृहे चालू आणि रात्री उघडी हवी. शहराच्या पूर आराखड्यात तिची किंमत उदंचन केंद्राइतकीच आहे.

राखायची जमीन

दारे बांधण्यात नेदरलँड्सचा हात कोणी धरणार नाही. १९५३च्या समुद्री पुरात तिथे १,८३६ माणसे गेली आणि त्यानंतर त्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या बांध आणि दरवाजे उभारले. रॉटरडॅमच्या तोंडाशी १९९७ साली बसवलेला मास्लांत अडसर आपोआप बंद होतो. पण १९९५ साली नद्या इतक्या फुगल्या की अडीच लाख लोकांना हलवावे लागले, आणि त्या देशाने आपले धोरण बदलले. बांध आणखी उंच करण्याऐवजी नद्यांना जागा द्यायची. नाइमेखन शहरात वाल नदीकाठचा बांध ३५० मीटर मागे सरकवला, पन्नासेक घरे हलवली आणि नदीला दुसरा प्रवाह काढून दिला. ज्यांची घरे गेली त्यांच्याशी वाटाघाटी झाल्या, त्या सोप्या नव्हत्या. तरीही दारांवर सर्वाधिक विश्वास असलेल्या देशाने जमीन पाण्याला परत दिली.

मुंबईकडे अशी जमीन अजून आहे. वडाळा, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड या पूर्व किनाऱ्यावर मिठागरांची मोठी जमीन आहे. ठाणे खाडीच्या कडेने कांदळवने उभी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८च्या आदेशांनी त्यांना संरक्षण मिळाले आहे. कांदळवने लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात. मिठागरे पूर्व उपनगरांचा पाऊस घेतात. भरतीत दार बंद असताना भांडुप-मुलुंडचे पाणी ज्या उघड्या, सखल जमिनीवर पसरते, ती पूर्व मुंबईची पोय आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने या मिठागरांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी देण्याचा निर्णय घेतला. धारावीकरांना पक्के, कोरडे घर मिळालेच पाहिजे. पण ज्यांनी आयुष्य मिठीच्या काठी पाण्याशी झुंजण्यात घालवले, त्यांना शहराच्या सर्वांत सखल जमिनीवर नेऊन बसवणे हा पर्याय नव्हे. तिथे भराव पडेल, इमारती कदाचित कोरड्या राहतील, आणि ते पाणी शेजारच्या जुन्या वस्त्यांत जाईल.

२०२२ साली मुंबईने हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात पुराचा आणि मोकळ्या जमिनीचा विचार आहे. त्याला धार यायची असेल, तर काही गोष्टी कायद्याने बांधून घ्याव्या लागतील. मिठागरे आणि कांदळवने यांची नोंद रिकामी जमीन म्हणून नको, पर्जन्यव्यवस्थेचा भाग म्हणून हवी, म्हणजे ती विकण्याआधी त्यांच्या बदल्यात किती कोटी लिटरची टाकी लागेल याचा हिशेब मांडावा लागेल. प्रत्येक नव्या गृहसंकुलाने आपल्या आवारात पडणारा पहिल्या काही तासांचा पाऊस आपल्याकडेच धरावा. प्रत्येक प्रभागात पाणी साठू शकेल असे एक मैदान ठरवून खोलगट करावे. आणि पंप, दरवाजे, टाक्या यांच्या देखभालीचा पैसा बांधकामाच्या पैशाइतकाच पक्का असावा, खाजनातल्या मासळीच्या लिलावासारखा दरवर्षी ठरलेला.

हे प्रश्न आपल्या हाताबाहेरचे वाटतात, पण त्यांचे बरेचसे निर्णय आपल्या जवळच होतात. सोसायटीच्या सभेत मीटरची खोली वर नेण्याचा ठराव होऊ शकतो. आवारातल्या मातीवर फरशा घालण्याच्या ठरावाला विरोध करता येतो. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी जोत्याची उंची आणि साठवण टाकी विचारता येते. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा आपल्या भागातली सखल जमीन कोणत्या रंगाने रंगवली आहे हे पाहता येते आणि लेखी हरकत देता येते. मिठागरांवरचा निर्णयही असाच कागदांवरून, सुनावण्यांमधून पुढे जाणार आहे. तिथे बिल्डर हजर असतील, अधिकारी हजर असतील. भांडुप, मुलुंड, कांजूर आणि धारावीचे नागरिकही एकत्र हजर असायला हवेत, कारण एकदा भराव पडलेली जमीन पाण्याला परत देण्याची किंमत पुढच्या पिढीला परवडणार नाही.